वरचे आवाज

बायकोला ताप होता. रात्रभर कण्हत होती, सकाळी उठलीच नाही, तेव्हा मी थर्मामीटर शोधला, पुसला, तिच्या काखेत ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिलो. वाजला की काढायचा, इतकं साधं काम. खिडकीखाली एक टेम्पो मागे मागे येत होता. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली, लाकडी, एक पाय जरा आखूड असलेली. हे सगळं मी सवयीनं वेगवेगळं करून ऐकत होतो आणि थर्मामीटर काही वाजत नव्हता. सेल गेला असणार, असं मनाशी म्हणतोय तोच तिनं डोळे न उघडता म्हटलं, "अहो, काढा की आता. केव्हाचा वाजतोय." "ऐकलं मी," मी म्हणालो, "जरा जास्त वेळ ठेवला की नीट कळतं." खोटं इतकं झटकन तोंडातून आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. ताप फार नव्हता. तिचं पांघरूण सारखं केलं, थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघरात गेलो, दार लावून घेतलं, आणि तो स्वतःच्याच काखेत धरून ओट्याला टेकून उभा राहिलो. श्वास रोखून धरला होता, का कोण जाणे. आकडा चढत गेला, चढायचा थांबला, लुकलुकायचाही थांबला. काही नाही. फ्रिज, टेम्पो, माझ्या छातीतली धडधड. मग बंद दारापलीकडून, पांघरुणाच्या आतून, तापलेल्या बाईचा आवाज आला, "अहो, तुम्हालाही आला की काय ताप?"

मी सिनेमातले आवाज जुळवतो. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे गाणी का हो? गाणी नव्हेत. गाणी सोडून उरतं ते सगळं. पडद्यावर माणूस जिना उतरतो तेव्हा ती पावलं त्याची नसतात, दार लागतं ते दार दुसरीकडचं असतं, आणि दोन माणसं बोलत असताना त्यांच्या बोलण्यामागे जी खोली असते ती मी वाक्यावाक्यांच्या मधे भरून सांधलेली असते. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून घेतात, कारण कुठलीच खोली अगदी गप्प नसते आणि एका खोलीची शांतता दुसरीला चालत नाही. पण माझं खरं काम लावण्याचं नाही, काढण्याचं. दिव्यांची किणकिण, नटाच्या शर्टाची खसखस, लांबचा कुत्रा, बोलताना जिभेची होणारी चटचट. हे असं काढायचं की काही काढलंय अशी शंकासुद्धा येता कामा नये. धंद्यात मला बोका म्हणतात. मिशांमुळे नव्हे, मिशा मला नाहीत, कानांमुळे. बोक्याच्या हातून गेलेल्या पिक्चरमध्ये एक चिलट राहत नाही, असं निर्माते एकमेकांना सांगतात. मी तिथे असलो तर संकोचल्यासारखी मान खाली घालतो, म्हणजे त्यांनी आणखी थोडं सांगावं.

"जा तुम्ही, मी पडून राहते," बायको म्हणाली, आणि मी लगेच निघालो. एरवी थांबलो असतो. आज हातातल्या पिक्चरची दिग्दर्शिका माझं काम ऐकायला यायची होती, पण मी पळालो तो त्यासाठी नाही, त्या घरात आणखी काय काय वाजत असेल या भीतीनं. जिन्यातच खिशातल्या किल्ल्या काढून कानाशी हलवल्या. खुळखुळल्या. हुश्श झालं. मग लक्षात आलं की येतोय तो फक्त किल्ल्यांचा जाडसर आवाज. त्याच्यावर एक बारीक, चकाकता आवाज असतो, पाण्यावर ऊन पडल्यासारखा, तो नव्हता. की होता? आणि माझ्या किल्ल्यांना तो होता हे तरी कशावरून? रस्त्यानं मी वेड्यासारखा एकेक गोष्ट तपासत चाललो. सायकलची घंटा होती. प्लास्टिकची पिशवी होती, पण कापडाची असावी तशी. बस थांबली तेव्हा ब्रेकही ऐकू आले, चांगले गोल, गुळगुळीत. शेजारच्या बाईनं मात्र तोंड वेडंवाकडं करून कानात बोट घातलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती चिडून म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, काही नाही," आणि बसमध्ये चढायचं राहूनच गेलं.

एक टाका उसवला की सगळी शिवण निघत जाते, तसं मग मागचं एकेक सुटायला लागलं. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मी किती दिवस म्हणतोय? त्यांना शब्दांची शेपटं उच्चारताच येत नाहीत, नाटकातून आलेले नाहीत ना, घरी आरशासमोर शिकलेले, असं मी चारचौघांत ठासून सांगत आलोय आणि चारचौघांनी माना डोलावल्यात. नवे माइक पूर्वीच्या माइकांसारखे नाहीत, सगळं गोधडीतून आल्यासारखं येतं, हेही माझंच. बायको पाठमोरी असली की पुटपुटते म्हणून तिच्यावर खेकसतो. लेक परगावाहून फोन करते आणि शेवटी म्हणते, "बाबा, तुम्ही नुसतं हो हो करता, ऐकत नाही," तेव्हा मला वाटतं ही पिढीच अशी, यांना सगळं दोनदा ऐकवायला लागतं. जगात एवढी माणसं एकाच वेळी पुटपुटायला लागली आणि मला, ज्यानं उभा जन्म कारण शोधून काढून टाकण्यात घालवला त्याला, एकदाही वाटलं नाही की कारण इकडेच असेल. उलट राग आला. राग फार सोयीचा असतो.

त्या रागाखालची भीती मात्र ओळखीची होती. लहानपणी संध्याकाळी ती यायची. वडील कामावरून परतायचे तेव्हा कुलपात किल्ली कशी फिरते यावर घरातली उरलेली संध्याकाळ ठरायची. एका दमात गेली तर ठीक. ती भोकाभोवती चाचपडली, किंवा आत जाऊन क्षणभर तशीच थांबली, तर आई शिवणयंत्रावरून उठायची आणि मी पलंगाखाली जायचो. पुढे पुढे मी किल्लीपर्यंतही थांबेनासा झालो. जिन्याच्या वळणावर बूट कसा पडतो यावरूनच मला कळायचं. मी आईकडे नुसतं बघायचो, आणि ती विचारायची नाही काही, यंत्राचं चाक हातानं थांबवायची. लोक म्हणतात, काय कान दिलाय देवानं. देवाचा काही संबंध नाही. तो पलंगाखाली, फरशीला गाल लावून, घाबरून घाबरून तयार झाला, आणि मोठेपणी तीच भीती विकून मी घर चालवलं. वडील जाऊन कैक वर्षं झाली. पण अजून जिन्यात पाऊल वाजलं की मी ते आधी तपासतो, मग आत येऊ देतो. आज त्या बसथांब्यावर मला वाटलं की माझा पहारेकरी केव्हाचाच झोपलाय, आणि दार सताड उघडं आहे, आणि कोण कोण येऊन गेलं ते आता कळायचा मार्ग नाही.

माझी कामाची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, भिंतींना जाड कापड, पायाखाली गालिचा, आणि दार असं की ते लागलं की बाहेरचं जग कोणीतरी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं वाटतं. एरवी तो क्षण माझा आवडता. आज दार लागलं आणि घाम फुटला. यंत्रांची परीक्षा घ्यायला एक सरळ सूर असतो, तो खालून हळूहळू वर चढवत न्यायचा. तो मी हेडफोनमध्ये लावला. घुमला, भरला, मग शिट्टीसारखा झाला, शिट्टी बारीक होत डासासारखी झाली, डास भिंतीपलीकडे गेला आणि मग नव्हता. यंत्रावरचा काटा मात्र जिथल्या तिथे नाचत होता. सूर चालू होता. मी वायर काढून पुन्हा खोचली. हेडफोन बदलले. उजवा कान डावीकडे, डावा उजवीकडे केला. करंगळीनं दोन्ही कान साफ केले, नाक दाबून फुगवले, आ वासून जबडा हलवला; कोणी बघितलं असतं तर बोक्याला झटका आला म्हणालं असतं. डास दर वेळी त्याच भिंतीशी जाऊन विझत होता. माझ्या वयाच्या माणसाला त्याच्याही बरंच पुढे ऐकू यायला हवं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मीच इतरांना सांगतो.

मग एवढे दिवस मी काम केलं कसं? उत्तर समोरच होतं. हल्ली आवाजाचा नकाशा पडद्यावर दिसतो. खाली जाड आवाज, वर बारीक, डावीकडून उजवीकडे वेळ. बोलणं ढगांसारखं दिसतं, टाळी उभ्या रेघेसारखी, दिव्याची किणकिण म्हणजे वरच्या कडेला आडवी बारीक रेघ. माउसनं रेघ निवडायची, पुसायची, गेली. पूर्वी मी ऐकून, खूण करून, मग खातरी करायला नकाशा बघत असे. कधी उलटं झालं? आधी बघून मग ऐकायला लागलो, पुढे बघून पुसून मोकळा व्हायला लागलो. काम भराभर व्हायचं. मी म्हणायचो, हात बसला. कान गेला आणि डोळ्यांनी ती जागा इतक्या सफाईनं घेतली की माझा मलाच पत्ता लागला नाही. हा बदलही मी, काही केलंय असं वाटू नये, असाच केला.

ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांना सगळे मास्तर म्हणत. तेव्हा आवाज फितीवर असायचा. मास्तर फीत बोटांत धरून पुढेमागे सरकवायचे आणि नको तो खोकला ब्लेडनं जेवढ्यास तेवढा कापून सांधायचे. शेवटच्या वर्षांत मास्तरांचे पिक्चर किरकिरे व्हायला लागले. वरचे, बारीक आवाज त्यांना कमी ऐकू यायचे म्हणून ते वाढवत राहायचे. ते चहाला बाहेर गेले की मिक्सिंग करणारा, म्हणजे शेवटी सगळे आवाज एकत्र करणारा माणूस ते हळूच खाली घ्यायचा आणि ते परत आले की म्हणायचा, "वा मास्तर, काय खुलवलंय!" मास्तर खूश, सगळे खूश. त्यांना कोणी कधी सांगितलं नाही, आणि ते प्रेमानंच होतं. आज त्या प्रेमाची मला धडकी भरली. मलाही कोणी असं सांभाळून घेत असेल का? कोण? मागच्या पिक्चरला मिक्सिंगवाला माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "तुमच्या कामात काय बघायचं असतं?" ते कौतुक होतं ना? मी त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, पण चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, आवाज राहतात, आणि आवाज प्रेमळ होता. मग आणखी वाईट विचार आला. मास्तर वाढवत होते. वाढवलेलं ऐकू तरी येतं, कोणीतरी कमी करू शकतं. मी काढतो.

दार ढकलून दिग्दर्शिका आली तेव्हा मी दचकलो, कारण पावलं मला कळली नव्हती. तिनं हेल्मेट कोपऱ्यात ठेवलं, "काका, चेहरा का असा?" म्हणाली. मी म्हणालो, घरी आजारपण आहे. पुन्हा झटकन, आणि या खेपेला खरं असून खोटं. तिशीची पोर, हा तिचा पहिलाच पिक्चर. एक म्हातारा आणि त्याची मुलगी, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचं काम तिनं स्वतःच्या वडिलांकडून करून घेतलं होतं. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिला नव्हता, आणि शूटिंग आटोपल्यावर काही महिन्यांत ते गेले. ती त्यांना आबा म्हणायची, म्हणून आम्हीही सगळे आबाच म्हणायचो. पिक्चरच्या एडिटिंगची कापाकापी चालू होती तोवर तिनं कच्चा आवाज ऐकला होता. माझं काम आज पहिल्यांदा ऐकणार होती. पुढच्या आठवड्यात मिक्सिंग. "तो झोपेचा शॉट आधी दाखवा," ती म्हणाली आणि चप्पल काढून खुर्चीवर मांडी घालून बसली.

शॉट लांबलचक आहे. आबा पलंगावर झोपलेत, मुलगी शेजारी बसून त्यांच्याकडे बघतेय, काही घडत नाही. मी तो फार जपून केला होता. खोलीची शांतता अशी घातली होती की भिंती कळाव्यात. चादरीची सळसळ ठेवली, रस्त्यावरची गाडी लांब नेली, दिव्याची किणकिण काढली. शॉट संपला. "पुन्हा लावा," ती म्हणाली. पुन्हा लावला. मी तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होतो आणि माझी मान आखडत चालली होती.

"काका, हे काय झालंय?"

"काय झालं?"

"आबा झोपलेले वाटत नाहीत." तिनं ओठ चावला. "मेलेले वाटतात."

"शॉट लांब आहे ना, त्यामुळे वाटतं तसं. खोलीचा आवाज थोडा वाढवतो, म्हणजे—"

"खोलीचं नाही हो. त्यांची शिट्टी कुठे गेली?"

"कसली शिट्टी?"

"नाकातली. श्वास सोडताना यायची ती. अगदी बारीक." तिनं स्वतःच्या नाकपुडीवर बोट ठेवलं. "तिच्यासाठी तर शॉट एवढा लांब ठेवलाय! लहानपणी मी त्यांच्या शेजारी झोपायचे ना, ती सुरू झाली की मला झोप यायची. रेकॉर्ड झाली तेव्हा आमचा आवाजवाला केवढा खूश झाला होता. मशीनमध्ये अडकलीय का कुठे?"

अडकली नव्हती. मला ती दिसली होती. नकाशाच्या वरच्या कडेला केसासारखी रेघ, येते, थांबते, येते, थांबते. मी ती दिव्याची समजून एकेक करून पुसली होती, अगदी चिकाटीनं, एकही न सोडता. दिवा येत-जात नाही. येतो-जातो तो श्वास. हे समजायला कान लागत नाही, नुसती अक्कल लागते, आणि ती मी कानाच्या भरवशावर कधी वापरलीच नव्हती. "थांब," मी म्हणालो, "बघतो." यंत्रात काहीच कायमचं पुसलं जात नाही, मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं असतं. रेघा परत आल्या. मी शॉट लावला. मला तीच खोली, तीच चादर, तीच लांबची गाडी ऐकू आली. तिचे डोळे भरून आले. "आली," ती हलकेच म्हणाली, "बाई गं, आली." मी मान डोलावली. "हं, छान आहे," म्हणालो. आणि सुटलो, असं वाटलं. खरोखर वाटलं. कोणाला काही कळलं नव्हतं, आणि इथून पुढे मी सावध राहिलो असतो, येणाऱ्या-जाणाऱ्या रेघांना हात लावला नसता, निवृत्त होईपर्यंत निभावून नेलं असतं.

"पण जरा पुढे येतेय ना?" तिनं डोळे पुसले. "तुम्ही बसवा, काका. आहे हे कळू नये, पण नसली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. तेवढीच. तुमच्याशिवाय कोणाला जमणार आहे?"

हेच तर मी जन्मभर करत आलो. मी आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर बोट ठेवलं आणि ती थोडी खाली घेतली. "एवढी कमी नको," ती म्हणाली. वर घेतली. "नाही, पुन्हा तेवढीच झाली." खाली. ती माझ्याकडे बघायला लागली. काटा बघून अंदाज करता आला असता, कुठलाही आकडा धरून ठामपणे सांगितलं असतं की हेच बरोबर, तर तिनं ऐकलंही असतं, तिचा माझ्यावर तेवढा विश्वास होता. शॉटमध्ये आबांची छाती वर जात होती, खाली येत होती. माझ्या बोटाखाली एका गेलेल्या माणसाचा श्वास होता आणि मी तो आंधळ्यासारखा चाचपडत होतो, भोकाभोवती फिरणाऱ्या किल्लीसारखा. मला एकदम भयंकर लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त झाली, म्हणून बोललो. धैर्य वगैरे नव्हतं.

"मला ही शिट्टी ऐकू येत नाही," मी म्हणालो. "मघाशीही येत नव्हती. वरचे आवाज गेलेत माझे. आज सकाळी कळलं."

ती हसली. "काका, काहीतरीच काय. बोक्यानं असं बोलायचं?"

"खरं सांगतोय."

तिनं माझ्या हातावरून हात घालून सरकपट्टी वर ढकलली. "आता?"

"नाही."

आणखी वर. "आता?"

"नाही."

ती हसायची थांबली. पट्टी तिनं पार टोकाला नेली. तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले, डोळे मिटले गेले, हातावर शहारा आलेला मला दिसला. एका हातानं एक कान दाबून ती ओरडून म्हणाली, "आता? काका, आता?" ओरडावं लागेल एवढं त्या खोलीत काहीतरी वाजत होतं. माझ्या लेखी ती एकटीच, उगाच, शांत खोलीत ओरडत होती.

"नाही गं," मी म्हणालो.

तिनं पट्टी खाली ओढली आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं तिला कीव येईल, आणि त्या किवेची मी तयारीही केली होती. पण तिचा चेहरा रागानं लाल झाला. "एवढे दिवस मी आबांना तुमच्याकडे ठेवलं होतं," ती म्हणाली. "किती निर्धास्त होते मी." तिनं पडद्यावरच्या आबांकडे बघितलं. "आणि बाकीच्या पिक्चरमध्ये? अजून काय काय काढलंत?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे जे मला ऐकू येत नव्हतं ते काढलंय. ते काय होतं, हे मला कसं कळणार?"

ती उठली, दारापर्यंत गेली. आता निर्मात्याला फोन करणार असं मला वाटलं, आणि तिनं केला असता तर मी काय म्हणणार होतो? ती परत आली. "मिक्सिंगला मी तुमच्या शेजारी बसणार, पूर्ण वेळ," ती म्हणाली. "आणि पुढचं कोणाचं काम घ्याल ना, त्याला आधी सांगा. मला नाही सांगितलंत." मी हो म्हणालो. हे आधी सांगितल्यावर पुढचं काम कोण देणार, हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही होतं. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही, आणि तिचं बरोबर होतं. मला एकदम घरी जावंसं वाटलं, बायकोच्या शेजारी पडून राहावंसं वाटलं. मग वाटलं, तिलाही हे सांगावं लागणार.

"पहिल्यापासून लावा," तिनं खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवली. "आधी तुमचं, मग मूळ."

पिक्चर सुरू होतो तो पहाटे. आबा दार उघडून अंगणात येतात. या दृश्याचा मला फार अभिमान होता; एवढी स्वच्छ पहाट मी आजवर केली नव्हती. माझं लावलं. दाराची कडी, आबांचा खोकला, चपलांची फरफट, लांब कुठेतरी हातोडी. मग मूळ लावलं. कडी, खोकला, चपला, हातोडी. तेच. दोन्ही अगदी एकसारखं. मी सुटकेचा श्वास टाकणार तोच तिनं हात वर केला.

"काय?"

"थांबा ना." तिनं मान तिरकी केली. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला. तो माझ्यासाठी उतरत नव्हता हे मला कळत होतं. "पक्षी आहेत, काका."

"कुठे?"

"सगळीकडे."

मी नकाशा बघितला. वरच्या बाजूला धूळ बसावी तसे बारीक बारीक ठिपके होते. पुसल्याचं मला आठवत होतं. बराच वेळ लागला होता.

"पुष्कळ आहेत?"

"पुष्कळ. मोजता येणार नाहीत."

मी एकेक करून सगळे परत आणले. ती सांगत गेली, मी पट्टी सरकवत गेलो. "आता?" मी विचारायचो, आणि ती म्हणायची, "जरा कमी. जरा अजून. हं, बस." मग आम्ही दृश्य पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आबांनी कडी काढली, खोकले, चपला फरफटत चार पावलं आले आणि मान वर करून झाडाखाली थांबले. इतके दिवस मला वाटत होतं, म्हातारा नुसताच उभा आहे.